फळी भाड्याची, लाट समुद्राची

"मला जेमतेम पोहता येतं, वय चाळिशीला टेकलंय. मला सर्फिंग जमेल का?" सर्फिंगचा विषय निघाला की बायकांकडून पहिला प्रश्न हा येतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, "आधीच समुद्राची एवढी दैना झालीय, त्यात आपण आणखी भर कशाला घालायची?"

पहिला प्रश्न शरीराचा आणि दुसरा सदसद्विवेकाचा, म्हणून दोन्हींची उत्तरं वेगळी असतील असं वाटतं. प्रत्यक्षात ती पुष्कळदा एकच निघतात. शिकाऊ बाईला जे सोपं, स्वस्त आणि सुरक्षित, तेच बहुतेक वेळा समुद्रालाही मानवणारं असतं. लाट, फळी, कपडे, हंगाम आणि किनारा या क्रमानं ते पाहू.

१. हा खेळ बायकांचा आहे का?

हवाई बेटांवर लाटेवर स्वार होण्याची रीत शेकडो वर्षांची आहे. तिथे राजघराण्यातल्या स्त्रिया आणि सामान्य बायका दोघीही लाटांवर जात. राणी काआहुमानू त्यात निष्णात म्हणून ओळखली जाई. १८२० मध्ये अमेरिकी मिशनरी तिथे पोहोचले. स्त्री-पुरुषांनी उघड्या अंगानं एकत्र पाण्यात खेळणं त्यांना रुचलं नाही. बाहेरून आलेल्या रोगांनी बेटांवरची वस्तीही झपाट्यानं घटली आणि एकोणिसावं शतक सरेपर्यंत खेळाला उतरती कळा लागली. विसाव्या शतकात तो पुन्हा उभा राहिला. १९१५ साली हवाईचा जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यानं सिडनीजवळ फ्रेशवॉटर किनाऱ्यावर प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा त्याच्याबरोबर फळीवर होती पंधरा वर्षांची इझाबेल लेथम.

भारतात हे लोण उशिरा आलं. कर्नाटकात मुल्की इथे २००४ साली मंत्रा सर्फ क्लब सुरू झाला. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला पत्रकारिता शिकायला गेली आणि २००७ साली जवळच्याच किनाऱ्यावर सर्फिंग शिकली. आज देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतात. उडुपीजवळ कोडी बेंगरे या मासेमारांच्या गावात तिनं आपल्या साथीदारासह शाका सर्फ क्लब उभा केला. तमिळनाडूत महाबलीपुरमची कमली मूर्ती ही मासेमार कुटुंबातली मुलगी, आधी स्केटबोर्ड आणि मग लाटा, अशी पुढे आली. तिच्यावरच्या 'कमली' या लघुपटाला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत नामांकन मिळालं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं तेव्हा वीस पुरुष आणि वीस स्त्रिया पाण्यात उतरल्या होत्या.

आता शरीराचं. बायकांचा गुरुत्वमध्य पुरुषांपेक्षा सरासरीनं थोडा खाली असतो आणि तोल सांभाळताना त्याचा फायदा होतो. खांद्यांतली ताकद मात्र सरासरीनं कमी असते, त्यामुळे हातानं पाणी मारत जाणं आणि झोपल्या जागेवरून झटकन उभं राहणं सुरुवातीला जड जातं. घरच्या घरी याची तयारी होते. सूर्यनमस्कारातलं भुजंगासन आणि त्यानंतर एक पाय दोन्ही हातांच्या मध्ये घेण्याची क्रिया महिनाभर रोज केली, तर निम्मा सराव जमिनीवरच होतो. पोहण्याबाबत सूट नाही. सगळं शिक्षण कमरेएवढ्या पाण्यात चालणार असलं तरी पाण्यावर शांतपणे तरंगता आलं पाहिजे आणि पन्नासेक मीटर न थांबता पोहता आलं पाहिजे. तेवढं येत नसेल तर आधी तलावात शिका. समुद्र कुठे जात नाही.

२. लाट येते कुठून?

किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूक नसतानाही मोठाल्या लाटा येत असतात. त्या तिथल्या नसतात. वारा पाण्यावर दीर्घकाळ एकाच दिशेनं वाहिला की त्याची ऊर्जा पाण्यात उतरते आणि लाटांच्या रूपानं प्रवासाला निघते. पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं, पुढे सरकते ती ऊर्जा.

एका लाटेची शेंडी गेल्यापासून दुसरीची येईपर्यंतच्या वेळाला लाटेचा कालावधी म्हणतात. जवळच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांच्या आणि विस्कळीत असतात. दूरच्या वादळांतून आलेल्या बारा-चौदा सेकंदांच्या लाटा एकसारख्या, ओळीनं येतात.

त्या किती दूरून येतात याचा हिशेब करू. खोल समुद्रात चौदा सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी साधारण ३९ किलोमीटर वेगानं चालतो. दक्षिण हिंदी महासागरात ४० अक्षांशाजवळ वादळ झालं, तर तिथून गोव्याच्या आसपासचा किनारा सुमारे ६,१०० किलोमीटर. ६,१०० भागिले ३९ म्हणजे दीडशेहून थोडे अधिक तास, साडेसहा दिवस. सोमवारी अंटार्क्टिकाच्या बाजूला सुटलेली ऊर्जा पुढच्या रविवारी आपल्या वाळूवर येऊन फुटते. केरळात अशा अचानक चढणाऱ्या समुद्राला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांची उंची, कालावधी आणि दिशा यांचा अंदाज रोज देते. शिकाऊ बाईनं पाण्यात उतरण्याआधी तो बघावा.

३. शिकाऊ बाईची लाट केवढी?

लाट किनाऱ्याजवळ आली की तिच्या पायाला तळ लागतो. खालचा भाग रेंगाळतो, वरचा पुढे झुकतो आणि लाट फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की हे घडतं. लाट ६० सेंटिमीटरची असेल तर ती सुमारे ७८ सेंटिमीटर पाण्यात, म्हणजे मांडीच्या वर आणि कमरेच्या खाली फुटेल. पडलात तरी उभं राहता येईल. दीड मीटरची लाट मात्र जवळजवळ दोन मीटर पाण्यात फुटेल. तिथे पाय टेकणार नाहीत.

लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट झाली की धक्का चौपट होतो. म्हणून पहिले काही दिवस गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या लाटा पुरेत.

लाटेवर फळी टिकते कशी? दादर स्टेशनात वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून कोणी उलटं खाली उतरू लागलं तर ते बराच वेळ त्याच उंचीवर राहील. लाटेच्या उतारावर पाणी वर चढत असतं आणि फळी त्यावरून खाली घसरत असते. उतार आहे तोवर तुम्ही लाटेवर आहात. पण हा आनंद पुढचा. पहिल्या दिवशी फुटून गेलेल्या लाटेचं फेसाळ पाणीच फळीला ढकलत किनाऱ्याकडे नेतं. शिकायला ते उत्तम, कारण त्याला फारशी खोली लागत नाही आणि ते दर मिनिटाला मिळतं.

४. फळी विकत घ्यावी का?

नाही. का, ते आधी गणितानं पाहू, मग पर्यावरणानं.

तरंगणारी वस्तू आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. तुमचं वजन ५५ किलो आणि फळीचं ६, मिळून ६१ किलो. म्हणजे साधारण ६१ लिटर पाणी बाजूला सारावं लागेल. शिकाऊंची आठ फुटी, मऊ पृष्ठाची फोमची फळी सुमारे ८० लिटरची असते. तिच्यावर तुम्ही निवांत तरंगता, वर थोडी शिल्लक उरते आणि रुंदीमुळे ती डगमगत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींची फळी पंचवीसेक लिटरची असते. वेग नसेल तर ती अंगाखाली बुडते. टीव्हीवर पाहिलेली नाजूक, टोकदार फळी पहिल्याच वर्षी घेणाऱ्या बाईला तोल साधत नाही आणि ती फळी पुढे माळ्यावर पडून राहते.

फोमच्या फळीच्या पोटात थर्माकोल असतो आणि वर-खाली प्लास्टिकचे थर. ते एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे फुटक्या फळीचा पुनर्वापर जवळपास होत नाही. कडक फळ्यांच्या पोटात बहुधा पॉलियुरेथेन फोम असतो आणि वर काचतंतू व रेझिन. हा फोम बनवताना टीडीआय नावाचं विषारी रसायन लागतं. अमेरिकेतली क्लार्क फोम ही कंपनी देशातल्या बहुतांश फळ्यांचे गाभे पुरवायची. ५ डिसेंबर २००५ रोजी ती अचानक बंद झाली आणि मालकानं कारणांमध्ये पर्यावरणाच्या कडक नियमांकडेही बोट दाखवलं. तेव्हापासून लाकडी फळ्या, पुनर्वापरातला थर्माकोल, वनस्पतीजन्य अंश असलेलं रेझिन असे पर्याय पुढे आले. ते चांगले आहेत, पण महाग आहेत आणि शिकाऊ बाईच्या कामाचे अजून नाहीत.

भाड्याच्या फळीचा हिशेब मात्र सरळ आहे. समजा सर्फ शाळेची एक फळी महिन्यात वीस दिवस, दिवसाला दोन तुकड्यांना, सात महिने वापरली गेली. २० × २ × ७ = २८० वापर. हौसेनं घेतलेली स्वतःची फळी वर्षाला दहा वेळा पाण्यात गेली तरी पुष्कळ. तेवढ्याच २८० वेळांसाठी अठ्ठावीस जणींना अठ्ठावीस फळ्या घ्याव्या लागल्या असत्या.

मेणाचंही तसंच. पाय घसरू नये म्हणून कडक फळीवर मेण घासतात. ते बहुधा खनिज तेलापासून बनवलेल्या पॅराफिनचं असतं, आणि मधमाश्यांचं मेण व खोबरेल तेल यांचं मिश्रणही मिळतं. मऊ फळीला बहुतेक वेळा मेण लागतच नाही.

५. घालायचं काय?

संकोच इथे सर्वांत जास्त असतो आणि उत्तरही इथेच सर्वांत सोपं आहे. अंगभर घाला. पूर्ण बाह्यांचा, अंगाला चिकटणारा पोहण्याचा टॉप, म्हणजे रॅश गार्ड, आणि घोट्यापर्यंतची लेगिंग्ज. सुती कुर्ता किंवा सलवार नको. सूत पाणी पिऊन जड होतं आणि पायात अडकतं. ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या खोलीवर ठेवा. आत स्पोर्ट्स ब्रा हवी. फळीवर पालथं झोपून छाती आणि बरगड्या दुखतात, पहिल्या दोन दिवसांत हे सगळ्यांचं होतं.

अंगभर कपड्यांचा समुद्राला काय फायदा? सनस्क्रीनचं प्रमाण ठरलेलं आहे. दर चौरस सेंटिमीटर त्वचेला २ मिलिग्रॅम. प्रौढ बाईची त्वचा साधारण १.६ चौरस मीटर, म्हणजे १६,००० चौरस सेंटिमीटर. सगळ्या अंगाला लावायचं तर ३२ ग्रॅम. बिनबाह्यांच्या पोहण्याच्या पोशाखाखालचा भाग आणि डोकं वजा केलं तरी वीसेक ग्रॅम. आता रॅश गार्ड आणि लेगिंग्ज घाला. उरले चेहरा, मान, पंजे आणि पावलं, सुमारे पंधरा टक्के त्वचा. सनस्क्रीन लागलं जेमतेम पाच ग्रॅम. दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचं असतं, म्हणजे बचत दर वेळी होते.

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या सनस्क्रीनमधल्या दोन रसायनांवर हवाई राज्यानं २०२१ पासून विक्रीबंदी घातली आहे. पलाऊ या बेटदेशानं त्याआधी, २०२० मध्येच, अशा रसायनांवर बंदी आणली. प्रवाळांवरचं मुख्य संकट तापणारा समुद्र हेच आहे, सनस्क्रीनचा वाटा त्यापुढे लहान. पण जे टाळणं आपल्या हातात आहे ते टाळावं. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचं पांढरं, जाडसर सनस्क्रीन लावा. ते पाण्यात टिकतंही जास्त.

अंगभर कपड्यांनी फळीवर घासून होणारे ओरखडे वाचतात आणि जेलीफिशच्या दंशापासूनही बराच बचाव होतो. दंश झालाच तर गोडं पाणी चोळू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि जीवरक्षकाला दाखवा.

रॅश गार्ड मात्र पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा असतो आणि प्रत्येक धुण्यात त्यातून बारीक प्लास्टिकतंतू सुटतात. मशीनमध्ये घालू नका. थंड पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. तो जास्त वर्षं टिकेल आणि तंतूही कमी सुटतील. गोव्याचं पाणी हंगामात २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे निओप्रीनच्या जाड वेटसूटची गरज नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलला किंवा कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या मराठी मुलींना तो लागेल. त्यांनी नैसर्गिक रबराचा पर्याय बघावा, किंवा तोही भाड्यानंच घ्यावा.

पाळी चालू असताना पाण्यात गेलं तर चालतं. पॅड पाण्यात निरुपयोगी ठरतं. मेन्स्ट्रुअल कप चालतो आणि वर्षानुवर्षं वापरता येतो, म्हणून प्लास्टिक असलेल्या पॅडांचा ढीगही टळतो. त्याची सवय मात्र घरी करा, पहिल्यांदा किनाऱ्यावर नको.

६. कधी जायचं, कुठे जायचं?

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर शिकाऊंनी समुद्राच्या वाटेला जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते आणि कोळी नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटतात. ज्यांचं पोट दर्यावर आहे ते थांबतात, तिथे हौशी माणसानं थांबण्यात कमीपणा नाही. गोव्यात ऑक्टोबर ते मे हा शिकण्याचा काळ. तमिळनाडूत चेन्नईजवळच्या कोवलमला आणि महाबलीपुरमला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, तिथे तो काळ टाळा.

आपल्या हंगामातच किनाऱ्यावर आणखी एक पाहुणी येते. ऑलिव्ह रिडले कासवीण. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग आणि कोकणात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ती रात्री वर येते, कोरड्या वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात आणि उजेडाच्या रोखानं समुद्राकडे धावतात. हॉटेलचे किंवा मोबाइलचे दिवे त्यांची वाट चुकवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे. तुम्ही एवढंच करायचं. फळ्या ओल्या वाळूवर ठेवा, वन खात्यानं कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा, अंधार पडल्यावर किनारा मोकळा सोडा. वरच्या वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल तुडवू नका. ती वाळू धरून ठेवते आणि वाळू किनारा धरून ठेवते.

गोव्यात आणि मालवणकडे सकाळी रापण ओढली जाते. किनाऱ्यावरून लांबलचक जाळं टाकून माणसं दोन्ही टोकांनी ते ओढतात. रापण लागलेली असेल तर त्या पट्ट्यात फळी घेऊन शिरू नका. विचारा, थांबा किंवा पुढे जा. पाणी सर्वांचं असलं तरी त्यांचा दिवस त्या जाळ्यात असतो.

जायचं कसं हाही पर्यावरणाचाच प्रश्न आहे. सर्फिंगच्या सुट्टीत प्रदूषणाचा मोठा वाटा बहुधा प्रवासाचा असतो, आणि विमानानं गेलात तर फळी, मेण, सनस्क्रीन यांची सगळी काटकसर त्यापुढे चिल्लर ठरते. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. पेडणे आणि थिवी ही उत्तर गोव्याची स्टेशनं, आगोंदसाठी काणकोण, पुढे उडुपी आणि मुल्की, हे सगळे थांबे याच मार्गावर आहेत. मुंबईहून एका रात्रीत किनारा गाठता येतो.

७. पहिल्या दिवशी काय होतं?

पहिला अर्धा तास वाळूवर जातो. फळीवर पालथं झोपायचं, पायाची बोटं मागच्या टोकाजवळ, छाती उचललेली, नजर समोर. तळवे बरगड्यांशेजारी टेकवून अंग उचलायचं आणि पाय खाली घ्यायचे. कोणता पाय पुढे येतो ते आपोआप कळतं, आणि डावा-उजवा दोन्ही बरोबर. गुडघे वाकवा, कंबर सरळ ठेवा, खाली पायांकडे पाहू नका. जिकडे नजर तिकडे फळी.

पाण्यात गेल्यावर चार नियम. फळीला जोडलेली दोरी मागच्या पायाला बांधा. फळी स्वतः आणि लाट यांच्यामध्ये कधीही धरू नका, ती बाजूला ठेवा, नाहीतर लाट ती तुमच्या अंगावर आणेल. पडताना डोक्यावर नको, पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडा आणि वर येताना हातांनी डोकं झाका. लाट फुटू लागते त्या जागेच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. दुसऱ्याच्या लाटेत घुसू नका.

समुद्राकडे परत वाहणाऱ्या पाण्याची ओढ ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एक गडद, शांत पट्टा दिसतो. नवखी माणसं तिथे पाणी शांत आहे म्हणून नेमकी तिथेच उतरतात. त्या पट्ट्यात सापडलात तर फळी सोडू नका, ती तुम्हाला तरंगत ठेवेल. किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. किनाऱ्याला समांतर सरकून ओढीच्या बाहेर या आणि हात वर करून मदत मागा. गोव्यात २००८ पासून जीवरक्षकांची नियमित व्यवस्था आहे. लाल झेंडा असेल तिथे उतरू नका.

८. शाळा निवडताना

पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचारा. शिकवणाऱ्याकडे भारतीय सर्फिंग महासंघाचं किंवा आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं प्रमाणपत्र आहे का? एका शिक्षकामागे किती जण असतात? शिकवणारी बाई आहे का? तुटलेल्या फळ्या दुरुस्त होतात की फेकल्या जातात? रापण किंवा कासवाचं घरटं असेल तेव्हा वर्ग कुठे हलवतात? शेवटच्या दोन प्रश्नांवर जिथे नीट उत्तर मिळतं, तिथे पहिल्या तिन्हींचीही काळजी घेतलेली असण्याची शक्यता अधिक.

या हंगामात फळी विकत घेऊ नका, वेटसूट घेऊ नका, विमानाचं तिकीट काढू नका. एक रॅश गार्ड, एक लेगिंग्ज, झिंकची एक डबी आणि रेल्वेचं आरक्षण एवढ्यावर सर्फिंग शिकता येतं. तीन हंगाम सलग गेलात आणि तरीही फळीची ओढ वाटली, तर मग विचारपूर्वक एक चांगली, टिकाऊ फळी घ्या, जमली तर वापरलेली.